सुचवणाऱ्याचं नाव

"एकशे सदतीस!" रूपेशनं वहीवर बोट आपटलं. "तीन वर्षांत चित्रांची पुस्तकं एकशे सदतीस वेळा बाहेर गेली. आन् नेणारे सभासद किती? एक. सभासद क्रमांक चौदा."

वाचनालयाच्या खोलीत सभेला बसलेल्यांच्या पंचवीस-तीस माना एकदम भिंतीकडे वळल्या. भिंतीला टेकून, दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून सभासद क्रमांक चौदा बसला होता. काळूनाना. वय बहात्तर. शहापूरच्या एका कचेरीत एकतीस वर्षं आवक-जावक कारकून म्हणून काढलेली. आलेलं पत्र नोंदवायचं, जाणारं पत्र नोंदवायचं. पत्रात काय आहे ते कोणी विचारत नव्हतं आणि नानाही कधी सांगायला गेले नाहीत. निवृत्त झाल्यावर धसई रस्त्यावरच्या या आपल्या गावी परतले. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, लेक सासरी वैशाखऱ्याला.

"नाना, राग मानू नका," रूपेश म्हणाला, "पन तुमच्या घरात लहान पोर कोण हाय?"

"नानाच!" मागून कोणीतरी म्हणालं आणि हशा पिकला.

"बालवाडीत नाव घाला रे त्यांचं. दुपारची खिचडी तरी मिळंल."

"आसं बोलू नका," पहिला आवाज पुन्हा आला. "कोनाकोनाला चित्रं दाखवतात, कोनाला ठाव?"

या वेळचा हशा वेगळा होता. नानांच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. अध्यक्ष भगीरथशेठ भाताच्या गिरणीचे मालक. त्यांनी हात वर केला, पण हसू काही आवरलं नाही.

रूपेश मात्र हसला नाही. मुरबाडच्या कंपनीत तो सुपरवायझर होता आणि वाचनालयाचा चिटणीस. त्याचं म्हणणं साधं होतं. पोलीस भरतीची पोरं मंदिराच्या ओट्यावर बसून अभ्यास करतात, पावसात भिजतात. चित्रांच्या पुस्तकांची दोन कपाटं काढली की दोन टेबलं बसतील. पुस्तकं रद्दीत घाला, नाहीतर ज्याला हवी त्याला द्या. म्हणणं चुकीचं नव्हतं. नानांनाही तसंच वाटत होतं, आणि हीच त्यांची अडचण होती. कोणीही ठाम बोललं की त्यांना ते पटायचं.

"सांगा ना नाना. कोणासाठी नेता?" रूपेशनं पुन्हा विचारलं.

नानांनी दाराकडे पाहिलं नाही. न पाहण्यासाठी त्यांना मान ताठ धरावी लागली. दाराच्या आत, चपलांच्या ढिगाशेजारी, पाण्याचा जग आणि पेले घेऊन तानी बसली होती.

तानी गावाबाहेरच्या कातकरी वाडीतली. चाळिशीची असेल. आठवड्यातून तीन दिवस वाचनालय झाडायची, पाणी भरायची. दिवाळी झाली की नवऱ्याबरोबर वीटभट्टीवर जायची ती पावसाच्या तोंडाशी परत. तीन वर्षांपूर्वी एका दुपारी नाना एकटेच वाचत बसले असताना ती झाडू टेकवून कपाटापाशी थांबली होती. हातात मुलांचं एक पुस्तक. नानांची चाहूल लागताच तिनं ते चटका बसल्यासारखं ठेवून दिलं.

"बघ की," नाना म्हणाले होते. ते एवढं बोलले याचं त्यांनाच नवल वाटलं.

तिनं पुस्तक पुन्हा काढलं, पानं उलटली, आणि म्हणाली, "ह्या चितारनाऱ्यानं कंदी खेकडा धरला नाय."

"कशावरून?"

"आसा धरला तर बोट राहील काय?"

नानांनी पाहिलं. चित्रातल्या मुलानं खेकडा समोरून धरला होता. हेच पुस्तक नानांनी महिन्यापूर्वी चाळलं होतं आणि आवडलं की नाही हे नेहमीप्रमाणे ठरवता आलं नव्हतं. चाळीस वर्षं वाचून त्यांची ही गत होती. एखाद्या कादंबरीनं डोळ्यांत पाणी आणलं, तरी ती चांगली म्हणावी की आपणच हळवे, हे त्यांना उमगत नसे. म्हणून त्यांनी आजवर कोणाला एक पुस्तक सुचवलं नव्हतं.

तेव्हापासून ते सुरू झालं. नाना आपल्या कार्डावर पुस्तकं काढायचे आणि तानीच्या पिशवीत घालायचे. भट्टीवर जाताना तर पाच-सहा एकदम. तिचं एकच मागणं होतं. "माजं नाव नका काढू कुठं. म्हनतील, झारता झारता पुस्तकं चोरते." मुरबाडला एका घरी भांडी घासायला होती तेव्हा चमचा हरवल्यावर तिची पिशवी रस्त्यावर उपडी केली होती. नानांनी शब्द दिला.

"घरी कोणाला दाखवतेस?" त्यांनी एकदा विचारलं.

"कोनाला दाखवू? मीच बगते."

अक्षरं शिकवू का म्हटल्यावर मात्र तिनं उडवून लावलं. "अक्षरां तुमाला ऱ्हाऊ दे. तुमी सांगा, मी आयकते."

मग ती झाडत असताना नाना कादंबऱ्या सांगू लागले. आज चार प्रकरणं, परवा पुढची चार. ती मध्येच झाडू थांबवून निकाल द्यायची. "ही पोस्टातल्या बाईला द्या. तिला रडायचा हाय, पन निमित्त गावत नाय." नानांनी भीत भीत ग्रंथपाल दीप्तीला सांगितलं, दीप्तीनं पोस्टातल्या बाईंना ती कादंबरी दिली. आठ दिवसांनी बाई सुजलेल्या डोळ्यांनी आल्या आणि म्हणाल्या, असंच आणखी एखादं द्या. दीप्ती चकित झाली. "नाना, तुम्हाला माणसं कळतात." नाना काही बोलले नाहीत. न बोलणं त्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं. पुढे पुढे लोक दीप्तीला विचारू लागले, "नानांनी काय सांगितलंय?" तानीच्या आवडीवरून नवी पुस्तकंही येऊ लागली आणि खरेदीच्या नोंदवहीत 'सुचवणाऱ्याचे नाव' या रकान्यात बारा ठिकाणी काळूनानांची सही पडली. प्रत्येक सहीच्या वेळी त्यांचा हात जरा अडखळला होता, पण सही झाली होती.

"बोला नाना," भगीरथशेठ आता कंटाळले होते. "एवढ्या लोकांचा टाइम चाललाय."

"मी..." नानांनी मांड्यांखालचे तळहात आणखी दाबले. "मीच बघतो. मला आवडतात."

पुन्हा हशा. पण दीप्ती उभी राहिली. "हसू नका. नानांनी सुचवलेलं एकही पुस्तक आजवर पडून राहिलेलं नाही. एवढी नजर या गावात दुसऱ्या कोणाला असेल तर सांगा."

रूपेशनं वही मिटली. "बरं. मग नानांनीच सांगावं. त्या कपाटांतलं चांगलं काय, न् का चांगलं. लोकांना पटलं तर तेवढं ठेवू."

नाना उठले. कपाटापाशी गेल्यावर हात आपोआप एका पुस्तकावर पडला. त्यांनी ते उघडून सभेसमोर धरलं. एका झोपडीत आई भात रांधत होती.

"हे... हे बघा. पातेलं बघा. काजळी एकाच बाजूला आहे." आवाज आपला नाहीच असं त्यांना वाटत होतं. "कारण वारा दारातून येतो आणि जाळ आत वळतो. ज्यानं हे काढलं, त्याच्या घरी चूल होती."

कोणी हसलं नाही. पहिल्या रांगेतली एक म्हातारी पुढे वाकली. "व्हय गो," ती शेजारणीला म्हणाली. "आसाच काळा व्हतो टोप."

नानांनी दुसरं पुस्तक काढलं. मोळी वाहणारी बाई. "मान बघा. वझं खरं असलं की मान अशी आत जाते. आणि हे दुसरं, यात मान सरळ आहे. म्हणजे हे खोटं." मग शेळी, मग बगळा. ते बोलत गेले. आयुष्यात एवढे ते कधी बोलले नव्हते. शब्द तयार होते, एकामागून एक येत होते. आणि प्रत्येक शब्द त्यांना झाडूच्या आवाजासकट आठवत होता. 'हे माझं नाही' एवढंच एक वाक्य मध्ये घालायचं होतं. पण मी शब्द दिलाय, असं ते स्वतःला बजावत राहिले. आणि समोरची माणसं पहिल्यांदाच त्यांच्याकडे अशी बघत होती.

"बास, नाना," रूपेश म्हणाला. त्याच्या आवाजातली धार गेली होती. "आपन हरलो. एक कपाट ठेवू. दुसऱ्याच्या जागी टेबल. न् नानांना पुस्तक निवड समितीवर घ्या."

टाळ्या वाजल्या. भगीरथशेठनी पाणी मागवलं. तानी जग आणि पेले घेऊन दाराशेजारून पुढे आली. रांगेनं पाणी देत गेली. नानांपर्यंत आली तेव्हा हातातल्या जगमध्ये पाणी होतं, पण ती थांबली नाही.

सभा पांगल्यावर ती मागच्या दाराशी पेले विसळत होती. नाना घुटमळत गेले.

"तानी, कपाट राहिलं."

तिनं पदराला हात पुसले, कोपऱ्यातल्या पिशवीतून एक पुस्तक काढलं आणि त्यांच्या पुढ्यात पायरीवर ठेवलं.

"ह्ये तुमचा. आता घरी नेऊन तुमीच बगा. तुमाला आवडतात ना?"

"अगं, तूच म्हणाली होतीस, नाव काढू नका."

"नाव नको म्हनले व्हते," ती म्हणाली. "माजं त्वांडच घेऊन जा आसा नव्हते म्हनले." आणि पुन्हा विसळायला बसली. "ती म्हातारी 'व्हय गो' बोलली, तवा मना वाटला आता तरी हा मानूस दाराकडं बगंल. एकदा नुसता बगायचा. नाव कोन मागत व्हता?"

नानांकडे एकच उत्तर होतं. पण ते दिलेल्या शब्दाविषयी होतं, आणि ते खरं नाही हे दोघांनाही माहीत होतं.

आठवडाभर नाना वाचनालयात गेले नाहीत. आठव्या दिवशी गेले ते सरळ दीप्तीच्या टेबलाकडे. खरेदीची नोंदवही मागितली. बारा ओळी शोधून बाराही ठिकाणी स्वतःच्या सहीवर आडवी रेघ मारली आणि वर कारकुनी वळणदार अक्षरात लिहिलं: तानी, कातकरी वाडी. एकतीस वर्षांत त्यांनी कुठल्याही वहीत खाडाखोड केली नव्हती.

दीप्तीनं वाचलं. "झाडणारी?" तिनं हळूच विचारलं.

"तीच वाचते. मी फक्त काढून देत होतो."

रूपेशला त्या दिवशी कंपनीत सुट्टी होती. तो आला, वही बघितली, बाराही ओळींवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "नाना, हे सभेत का नाय बोललात?"

"जमलं नाही."

"जमलं नाय! आन् आता काय करू मी? परत सभा बोलवू? झाडनारीच्या सांगन्यावर कपाट ठेवलं आसं सांगू?"

"सांगावं."

"एक तरी मानूस ऐकंल का? तुमी बोललात म्हनून ऐकलं लोकांनी. तेच ती बोलली असती तर पानी आन म्हनले असते तिला. मी पन म्हनलो असतो." हे बोलून गेल्यावर त्यानं वही मिटली. मग कोरडेपणानं म्हणाला, "आपल्या कार्डावर दुसऱ्याला पुस्तक द्यायला बंदी हाय. नियम तुमाला ठाव हाय. सहा महिने कार्ड बंद. न् समितीवरनं नाव काढतो."

"काढ."

"तिला सभासद करायचं असंल तर फॉर्म भरून आणा. रांगेनं घेऊ."

नानांनी कार्ड टेबलावर ठेवलं. दीप्ती म्हणाली, इथे बसून वाचायला कार्ड लागत नाही. तेव्हा नाना खिडकीजवळच्या बाकावर बसले, पण पुस्तक घेतलं नाही. समोर एक कपाट होतं. दुसऱ्याच्या जागी नवं टेबल आलं होतं आणि त्यावर दोन पोरं गणितं सोडवत होती, कोरडी, पंख्याखाली. ते बघून नानांना बरं वाटलं, आणि बरं वाटावं की नाही हे कळेना.

चारच्या सुमारास तानी आली. झाडू उचलला आणि दारापासून सुरुवात केली. नानांनी ती जवळ येईपर्यंत वाट पाहिली. मग पोरांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले,

"तानी, वहीत तुझं नाव लिहिलं मी. बाराही पुस्तकांपुढं. माझं खोडलं."

तिचा हात थांबला नाही.

"दीप्तीला सांगितलं. रूपेशलाही. फॉर्म पण आणलाय." त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढून बाकावर ठेवला. "वही दाखवू का?"

तिनं केर बाकापर्यंत ओढत आणला. तेव्हा पहिल्यांदा वर पाहिलं.

"मना वाचता येतंय का ते?"

टेबलावरच्या एका पोरानं मान वर केली. बाकावरचा कागद पंख्याच्या वाऱ्यानं फडफडत होता; नानांनी त्यावर हात ठेवला.

"पाय उचला," तानी म्हणाली.

नानांनी दोन्ही पाय उचलले. झाडू बाकाखालून एकदा गेला, दुसऱ्यांदा गेला, कोपऱ्यातली धूळ घेऊन बाहेर आला आणि पुढच्या बाकाकडे वळला. ती खोलीच्या दुसऱ्या टोकाला पोचली तरी नाना पाय वर धरून बसले होते.