पाठ टेकल्याशिवाय

बायकोच्या अंत्यविधीत खोय म्हातारा रडला नाही, याची गावाने नीट दखल घेतली. त्याने स्वतःही घेतली होती. म्हणून विहारात तिच्या नावाने भिक्खूंना जेवू घालून झाल्यावर तो दुखवट्याचा पांढरा शर्ट न बदलताच रानातल्या पडक्या देवळाकडे निघाला. मागोमाग त्याची मेहुणी सावेत.

देवळात देऊळपण फारसं उरलं नव्हतं. ओवऱ्या झाडाच्या मुळांनी गिळल्या होत्या आणि दारातल्या अप्सरांची तोंडं कुणीतरी छिन्नीने काढून नेली होती. मधला अरुंद मनोरा मात्र उभा होता. आत उभं राहून छाती ठोकली की तो घुमतो. टाळी घुमत नाही, हाक घुमत नाही; फक्त छाती. तीही मन खरं असलेल्याचीच, असं गाव मानतं. दर नव्या वर्षाला खोय बायकोला, रोउनला घेऊन इथे यायचा, डोळे मिटून छाती ठोकायचा, मनोरा गडगडायचा, आणि मग वर्षभर गावाला त्याच्या खरेपणाबद्दल ऐकून घ्यावं लागायचं.

आज त्याला एवढंच विचारायचं होतं, की आपलं दुःख खरं आहे ना.

त्याने डोळे मिटून ठोका दिला. फट्. चटईवरची माशी मारावी तसा आवाज. पुन्हा फट्.

"दाजी, फासळी मोडेल," सावेत म्हणाली. "भिंतीला पाठ टेका."

"शेवाळ आहे. शर्ट खराब होतो."

"पाठ टेकल्याशिवाय घुमत नाही."

"मला नको शिकवूस. इतकी वर्षं घुमत होतं."

सावेतने डोक्याचा पंचा सोडला, पुन्हा बांधला. "ताई समोरच्या भिंतीला टेकून स्वतःची छाती ठोकायची. तुमच्या हाताकडे बघत, ठोक्याला ठोका."

"कशाला?"

"तुम्ही खूश होऊन घरी यायचात. म्हणायची, शर्ट धुण्यापेक्षा हे सोपं."

खोयने भिंतीला पाठ टेकली. गार ओल शर्टातून आत आली. त्याने छाती ठोकली. मनोरा घुमला, बारीक, जरा घोगरा. हा आवाज त्याने जन्मात ऐकला नव्हता. ओळखीचा होता तो रोउनचा.

"घुमलं की," सावेत म्हणाली. "समोरून मी ठोकू?"

"नको."

त्याने हात खाली सोडला, तरी मनोरा घुमतच राहिला. भिंतीला टेकलेली म्हाताऱ्याची पाठ हुंदक्यांनी हलत होती.