तीन खुणांचं वाक्य

ज्ञानकोशाच्या कार्यालयात नियम साधा होता. वाक्याला तीन ठिकाणी आधार सापडला की समासात पेन्सिलीच्या तीन खुणा करायच्या. मग ते वाक्य छापायला मोकळं. तपासनीसबुवांचा या कामात हातखंडा होता. दुपारच्या उन्हात धूळ तरंगायची, त्यांचे डोळे मिटायचे, तरी पेन्सिल जागी असायची.

त्या आठवड्यात वीस वर्षांपूर्वी वारलेल्या पक्षिमास्तरांचं चरित्र आलं. ‘तीस वर्षे, एकही सकाळ न चुकवता, त्यांनी एकट्याने तळ्यावरील पक्ष्यांची नोंद ठेवली.’ वर्तमानपत्र, गौरवअंक, शाळेचं पुस्तक. तीन खुणा झाल्या. फक्त जन्मतारीख अडली, म्हणून बुवा मास्तरांच्या घरी निघाले.

फाटक, पायऱ्या, खिडकीखालचं संथ पाणी, सगळं आधी पाहिल्यासारखं वाटत होतं. स्वप्नात पाहिलं असेल, असं मनाशी म्हणत ते आत शिरले. मास्तरांच्या पत्नी खिडकीशी बसून, तळ्यावरची नजर न काढता वहीत लिहीत होत्या.

“बसा हं. बदकं मोजून होऊ देत.”

कपाटात वह्यांच्या रांगा होत्या. बुवांनी मधलीच एक उघडली. अक्षर बाईंचं.

“काकू, हे तुम्ही लिहिलंय?”

“अठरा वर्षं त्यांनी लिहिलं. मग त्यांची दृष्टी गेली. पुढची बारा वर्षं ते आवाज ओळखायचे, मी मोजायचे, लिहायचे. ते गेल्यापासून एकटीच.”

“मग कधी बोलला का नाहीत?”

“विचारलं कुणी? ते गेले त्या दिवशी एक बातमीदार आला होता. मी पाणी आणायला आत गेले, तेवढ्यात घाईघाईने निघूनही गेला.”

बुवांनी पुन्हा खिडकीखालच्या पाण्याकडे पाहिलं. तो बातमीदार म्हणजे तेच! कोशात येण्याआधीची त्यांची ती नोकरी. ‘एकट्याने’ हा शब्द त्यांनीच घाईत ठोकून दिला होता आणि पुढच्या दोघांनी तो डोळे मिटून उतरवला होता.

“कोशात ‘एकट्याने नोंद ठेवली’ असं वाक्य आहे, ते काढूनच टाकतो,” ते कसेबसे म्हणाले.

“काढू नका. त्यांचं काम खोटं नव्हतं, अर्धं सांगितलं गेलं एवढंच. उद्या एखादी पोर वही घेऊन तळ्यावर बसली, तर हे आपलं काम नाही असं तिला वाटायला नको.”

बाईंनी पाणी आणलं. या खेपेला बुवा ते पिऊनच उठले.

“तीन आधार आहेत ना? उद्या पान छापायला जायचंय, आता कशाला उकरता?” संपादक वैतागले.

“तिन्ही आधार माझ्याच चुकीवर उभे आहेत, साहेब.” इतक्या वर्षांत बुवांनी स्वतःची चूक पहिल्यांदाच कबूल केली. त्यांना लाज वाटली आणि हलकंही वाटलं.

पानावर दोघांची नावं आली. समासात खूण एकच होती, पण ती दार ठोठावून आणलेली होती.

वाचकहो, एखाद्याला ‘एकट्याने’ मोठं म्हणताना आपणही जरा थांबू या. घरात पाणी आणायला जी कुणी गेलीय, तिला परत येऊ द्या. मग लिहा.