पाठीवरची छोटी खिडकी

मी एक कॅमेरा बोलतोय. प्लास्टिकच्या अंगाचा, नवशिक्यांसाठी बनवलेला, परवडणारा. बोलतोय खरा, पण जे सांगणार आहे ते मला नीट आठवतं का, याची खात्री देता येत नाही. आमच्या जातीची ती अडचणच आहे. भिंगातून आलेलं दृश्य माझ्या पोटातल्या आरशावर पडतं आणि मी ते बघत बसतो. पण बटण दाबलं की आरसा वर उचलला जातो, आणि नेमका फोटो निघतो त्या क्षणी मी आंधळा होतो. फोटो कार्डात जातो. माझ्यापाशी राहतं ते अलीकडचं आणि पलीकडचं. मधलं मी अंदाजाने भरतो, आणि अंदाज बरोबर होता का, या काळजीत राहतो.

जन्म माझा दूर पूर्वेला, एका कारखान्यातला. आमच्या घराण्यात हिशेब उलटा असतो: नावातले आकडे जितके जास्त, तितकी पत कमी. माझ्या नावात चार आकडे आहेत. स्नेक गावातल्या दुकानात माझ्या गळ्यात चोरांच्या भीतीने तार बांधलेली होती. माणसं मला उचलायची, डोळ्याला लावायची, आणि नजर वरच्या फळीवर जायची. "हा घेतलास तर वर्षाने पस्तावशील," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की ते माझ्या खोक्यावरच छापलेलं असावं असं वाटू लागलं.

मग एके दिवशी रिंक आणि निन्के आले. सख्खे भाऊ-बहीण, वेगवेगळ्या गाड्यांतून. त्यांचे वडील गेर्बेन, माक्कुम गावचे म्हातारे, होड्यांची शिडं शिवणारे, ऐंशी वर्षांचे होणार होते. त्यांनी दोघांनाही बजावलं होतं: मला कॅमेरा हवा, आणि तो तुम्ही दोघांनी एकत्र जाऊन निवडायचा.

"बाबांच्या ऐंशीव्याला हे प्लास्टिक द्यायचं?" रिंकने मला चिमटीत धरून विचारलं. "तो वरचा घेऊ. धातूचा आहे."

"तो उचलायला बाबांना क्रेन लागेल," निन्के म्हणाली. "त्यांचे हात कापतात, माहितेय का तुला? का तेही मीच कळवायचं? खिशात मावेल असा छोटा घेऊ."

"छोटा! खेळणं दे म्हणजे. तुझं सगळं असंच, कमीत कमीत भागवायचं."

"आणि तुझं सगळं दाखवायला. होडी विकून दाखवलीस तशी."

दुकानदारीण बाई दोघांच्या मध्ये उभी होती, बिचारी. "वापरणार कोण?" तिने विचारलं. "म्हाताऱ्या हाताला पकड लागते. छोटा निसटतो, मोठा दमवतो. हा हलका आहे, बोटं नीट बसतात. भिंग पुढेमागे बदलता येईल."

दोघांनी माझ्याकडे बघितलं. दोघांनाही मी सारखाच नावडलो. मला वाटतं, माझी निवड झाली ती त्यावरच. दुसऱ्याचं म्हणणं खरं ठरू नये एवढीच दोघांची इच्छा होती, आणि माझ्यामुळे कुणाचंच ठरत नव्हतं.

होडीचं सांगायला हवं. ती त्यांच्या आईची होती, जुनी लाकडी. आई गेल्यावर, गेर्बेन इस्पितळात असताना, रिंकने बहिणीला न विचारता ती विकून टाकली. तेव्हापासून या घरात एक गोष्ट बंद पडली होती. आमच्याकडे रीत अशी, की वाढदिवसाला आलेला प्रत्येक जण प्रत्येकाचं अभिनंदन करतो, नुसतं वाढदिवसवाल्याचं नाही. भिंतीला लावलेल्या खुर्च्यांच्या गोलात एकेकापुढे जायचं, हात मिळवायचा, "वडिलांबद्दल अभिनंदन," "भावाबद्दल अभिनंदन," असं म्हणत पुढे सरकायचं. रिंक आणि निन्के एकमेकांची खुर्ची टाळून पुढे जायचे, आणि अख्खा गोल ते बघायचा.

त्या फेब्रुवारीत, गेर्बेनच्या ऐंशीव्या वाढदिवसालाही तसंच झालं. आत्याशी हात मिळवून निन्के रिंकपाशी आली आणि त्याच्यावरून पलीकडच्या शेजाऱ्याकडे वळली, जणू मध्ये दिव्याचा खांब होता.

"अगं, खुर्चीवर माणूस बसलाय तिथे," हिस्के आत्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "तुझ्याच आईचा आहे तो."

"दिसला नाही," निन्के म्हणाली.

"बरोबर आहे," रिंक म्हणाला. "तिला फक्त होड्या दिसतात."

मग सगळे गुलाबी साखरेचा केक मन लावून खाऊ लागले.

खोक्यातून मी बाहेर आलो तो पावतीसकट. रिंक लगेच म्हणाला, "बाबा, पावती आत आहे. नाही आवडला तर बदलून घ्या. मी तर आधीच म्हणत होतो." गेर्बेननी पावतीची घडी केली आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली. त्या एका कृतीबद्दल मी त्यांचा जन्माचा ऋणी आहे.

पाच वाजता पाहुणे उठले. गेर्बेननी दोघांना थांबवून घेतलं. "मला तुम्हा दोघांबरोबर एक फोटो हवाय," ते म्हणाले. "दुसरी भेटवस्तू नको. एवढ्यासाठीच तर हा मागवला."

दोघं सोफ्यावर बसले. दोन टोकांना.

म्हाताऱ्याने मला खिडकीत, ऑर्किडच्या कुंड्यांमध्ये ठेवलं. आपोआप फोटो निघायचं बटण दाबलं. माझी पाठ काचेकडे होती. आमच्या गावात खिडक्यांना पडदे नसतात. घरात लपवण्यासारखं काही नाही हे रस्त्याला दिसावं लागतं. मावळतीचं आडवं ऊन सरळ माझ्या पाठीवर आलं. डोळा लावायची जी छोटी खिडकी माझ्या पाठीवर आहे, तिच्यातून ते माझ्या पोटात शिरलं. कुणाचा डोळा तिथे नसेल तेव्हा ती झाकायची असते. त्यासाठी माझ्या पट्ट्यावर रबराचं एक काळं झाकण अडकवलेलं आहे. कोणी वापरलं नाही. खोलीत लख्ख उजेड आहे असा माझा समज झाला आणि मी भिंगाकडून येणारा प्रकाश आखडून घेतला.

मी टिकटिक करू लागलो. गेर्बेन लगबगीने सोफ्याकडे गेले, मध्ये टेकता टेकता हसून म्हणाले, "तुमची आई असती तर हा फोटो होडीतच काढायला लावला असता."

टिकटिक वाढली. सोफ्याची स्प्रिंग करकरली. कोणीतरी हललं. आरसा वर गेला.

आरसा खाली आला तेव्हा दोघंही उभे होते आणि ओरडत होते.

"उठलास! इतकंसुद्धा बसवलं नाही तुला! होडीचं नाव काढलं की पळायचं!"

"मी? आधी तू उठलीस!"

"तू उठलास म्हणून मी उठले. बाबा, तुम्ही सांगा. कोण उठलं आधी?"

गेर्बेननी दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "मी कॅमेऱ्याकडे बघत होतो," ते म्हणाले.

रिंकने मला उलटं करून पाठीवरच्या पडद्यावर फोटो पाहिला. सगळा काळोख. "घ्या. स्वस्तातली वस्तू. काही उमटलंच नाही."

"वस्तूला कशाला नावं ठेवतोस? तुझ्यामुळे."

"पुन्हा काढू," गेर्बेन म्हणाले. "ऊन आहे अजून." तोवर रिंकने कोट घातला होता. दार आपटलं तशी माझ्या शेजारची एक कुंडी हलली.

पुन्हा कधी काढला नाही. म्हातारा मला घेऊन बंधाऱ्यावर जायचा, चमच्या चोचीच्या पांढऱ्या बगळ्यांचे हललेले फोटो काढायचा. घरी येऊन एकेक पुसून टाकायचा. तो काळा फोटो मात्र त्याने पुसला नाही. मला वाटायचं, विसरला असेल.

पुढच्या हिवाळ्यात गेर्बेन गेले. दफनाला दोघं भावंडं कबरीच्या दोन बाजूंना उभी होती म्हणे. घरातल्या घड्याळावरून भांडली, शिडं शिवायच्या सुयांवरून भांडली. माझ्यावरून भांडली नाहीत. "तू घे." "मला नको, तू घे." शेवटी मी निन्केच्या कपाटात गेलो, टॉवेलांच्या मागे.

तिथे कित्येक वर्षं मी तिचं बोलणं ऐकलं. नवऱ्याला, मैत्रिणींना, फोनवर आत्याला: "बाबांची एकच इच्छा होती आणि रिंक उठून गेला." ऐकता ऐकता मलाही रिंक उठताना दिसू लागला. त्याचा गुडघा, त्याची मूठ, सगळं स्पष्ट. कुणी विचारलं असतं तर मी शपथेवर सांगितलं असतं. ज्याच्या कपाटात राहावं त्याचंच आपल्याला आठवू लागतं की काय, ही शंका मला तेव्हा यायला हवी होती.

उद्या राजाचा वाढदिवस. गावभर लोक रस्त्यावर चादरी पसरून घरातलं नको असलेलं विकतील, आणि निन्केच्या चादरीवर मी असेन. मला घेणाऱ्याला एवढंच सांगतो: मी महाग नाही आणि वाईटही नाही. मला टेकवून ठेवून दूर जाल तेव्हा माझ्या पाठीवरची ती छोटी खिडकी तेवढी झाका. आणि मला कुणी भांडणात साक्षीला उभं करू नका.

कारण आज दुपारी निन्केने कार्ड रिकामं करायला घेतलं. मी टेबलावर होतो, भिंग तिच्या संगणकाकडे. माझी बॅटरी कधीच मेली आहे, पण आरशाला बघायला बॅटरी लागत नाही. काळा फोटो पुसण्याआधी तिचा हात थांबला. तिने उजेड वाढवला. आणखी वाढवला. काळ्यातून आधी गेर्बेनचे दात उमटले, हसताना. मग सोफा.

उजव्या टोकाला रिंक बसलेला होता. टेकताना डगमगलेल्या वडिलांच्या पाठीला त्याचा हात होता. डाव्या टोकाची जागा रिकामी होती, आणि चौकटीच्या कडेला निन्केच्या हिरव्या स्वेटरची एक बाही होती.