कंसातले आकडे

“आकडा कधीही खोटं बोलत नाही. खोटं बोलतो तो माणूस!” सूर्यकांत देवस्थळींनी सकाळी साडेसहाला जाहीर केले, आणि व्यायामाच्या सायकलच्या हँडलवर वाळत घातलेला बायकोचा परकर बाजूला सारला.

परकर ओलाच होता. जानेवारीच्या फरीदाबादमध्ये कपडे वाळत नाहीत, नुसते थंड होत जातात. समोरची इमारत धुक्यात चार दिवस दिसलेली नव्हती. ती अजून उभी आहे हे तिथल्या कुकरच्या शिट्ट्यांवरून कळत होते.

“खाली टाकू नका तो,” स्वयंपाकघरातून अलकाताई म्हणाल्या. “आणि भाषणं डॉक्टरकडे करा. अकराची वेळ आहे.”

भाषणाला कारण होते. मुलगी सुनीती हिने आदल्या दिवशी फोनवर बंगळूरहून निर्वाणीचे सांगितले होते: “बाबा, डॉक्टर उद्या बिल्कुल ओके म्हणाले तर राहा तिथं. नाहीतर मार्चमध्ये दोघं इकडे. फ्लॅट विकायचा. चलो, डिस्कशन बंद.” दिल्लीत वाढलेली मुलगी, मराठी शब्द आठवला नाही की ती दरडावून वेळ भागवायची.

सूर्यकांतना जायचे नव्हते. चाळीस वर्षे हवामान खात्यात तापमापके वाचून, निवृत्तीनंतर त्यांनी हे तीन खोल्यांचे घर घेतले होते. गच्चीवर स्वतःचे पर्जन्यमापक बसवले होते. त्यात वर्षातून काही दिवस पाऊस आणि उरलेले दिवस कबुतरे येत. पण ते त्यांचे होते. मुलीच्या घरी आपण पाहुण्यांच्या खोलीत राहणार आणि तापमान किती आहे हे जावई मोबाईलवर बघून सांगणार, या कल्पनेनेच त्यांची छाती जड होई.

छाती तशी हल्ली इतर कारणांनीही जड होई. पण ते थालीपीठ असावे.

सायकल विश्वनाथ गर्ग्यांची. विश्वनाथ त्यांचा खात्यातला जोडीदार. तीस वर्षे दोघे शेजारच्या टेबलांवर बसले. गेल्या सप्टेंबरात तो एका सकाळी वर्तमानपत्र वाचता वाचता गेला, तेरावे झाल्यावर सुमित्रावहिनींनी सायकल टेम्पोत घालून पाठवून दिली. “घरात बघवत नाही हो. तुम्हाला डॉक्टरांनी सांगितलंच आहे, तर वापरा. फक्त एक आहे, हे म्हणायचे की ती हृदयाचे ठोके जास्त दाखवते. यंत्र बिघडलंय म्हणायचे.”

डॉक्टरांनी सांगितले होते हे खरे. दिवाळीनंतर बाहेरची हवा इतकी बिघडली की सकाळचे फिरणे बंद झाले, तेव्हा ते म्हणाले होते, घरातच सायकल चालवा. वीस मिनिटे. आधी पाच मिनिटे अगदी हळू. हँडलवरच्या पट्ट्या धरल्या की ठोके दिसतील. तुमच्या वयाला एकशे पंधराच्या वर जाऊ द्यायचे नाहीत. गेले तर वेग कमी करायचा, एकदम थांबायचे नाही. छातीत दाब आला तर मात्र बंद, आणि सरळ इकडे यायचे. आणि चालवताना बोलता आले पाहिजे. बोलता येईना झाले की समजायचे, फार झाले.

बोलायचे काय, हा प्रश्न सूर्यकांतनी खात्याच्या पद्धतीने सोडवला. ते वेधशाळांची नावे म्हणत. जुन्या काळी रोज सकाळी ज्या क्रमाने तारा यायच्या त्या क्रमाने, उत्तरेकडून दक्षिणेकडे: श्रीनगर, अमृतसर, अंबाला, हिसार, दिल्ली, ग्वाल्हेर, भोपाळ, नागपूर, अकोला, पुणे, रत्नागिरी. प्रत्येक नावापुढे त्या गावाबद्दल एक वाक्य. रत्नागिरी त्यांचे गाव. तिथे पोचले की वीस मिनिटे भरत.

ते चढून बसले. पडदा उजळला. सायकलला दोन माणसे लक्षात राहत असत, आणि ती दररोज आधी पहिल्या माणसाची चौकशी करी. पहिला माणूस विश्वनाथ. त्याचा शेवटचा आकडा पडद्यावर आला: १७१. सूर्यकांतनी रोजच्याप्रमाणे तिकडे पाहिले नाही आणि बटण दाबले.

“श्रीनगर,” ते खणखणीत म्हणाले. “इथला निरीक्षक काश्मिरी होता, आकड्याबरोबर थंडीचं वर्णनही पाठवायचा. अमृतसर. इथला... इथला तारवाला लग्नात... नाचायचा.”

स्वयंपाकघरात पोळी लाटणारे लाटणे थांबले.

“अंबाला,” सूर्यकांत म्हणाले.

पुढे काही आले नाही. पायडल फिरत होते, साखळी कुरकुरत होती. छातीवर कुणीतरी ओली रजई ठेवल्यासारखे झाले, आणि डाव्या जबड्यात ती दाढ पुन्हा ठणकली, जी दंतवैद्याला सापडली नव्हती. पडद्यावर १६८ होते.

त्यांनी वेग कमी केला. मग, वेग कमी केला म्हणण्याऐवजी, ते थांबले. एकदम.

“अहो?” लाटणे हातात घेऊन अलकाताई दारात उभ्या होत्या. “हिसार नाही आलं.”

“हिसारला धुकं आहे,” सूर्यकांत म्हणाले. श्वास मिळवून त्यांनी वही पुढे ओढली.

वही सुंदर होती. मोत्यासारखे अक्षर, रोजची तारीख, वेळ, खोलीतले तापमान, ठोके. खात्यात एक शिस्त होती: उपकरणावर शंका आली, आकडा अचानक भलतीकडे उडाला, तर तो तसाच लिहायचा नाही. आधीच्या दिवसांवरून अंदाज बांधायचा आणि तो अंदाज कंसात लिहायचा. कंस म्हणजे कबुली. वाचणाऱ्याला कळायचे की हे पाहिलेले नाही, मानलेले आहे. आणि ही सायकल तर बिघडलेलीच होती. खुद्द विश्वनाथ तसे म्हणून गेला होता.

एक तारखेपासून सूर्यकांत अंदाजच लिहीत होते. पहिले तीन दिवस त्यांनी कंस घातले. मग सुनीतीचे फोन वाढले, आणि ते कंस विसरू लागले.

आजच्या तारखेपुढे त्यांनी ११२ लिहिले. कंस नाही.

दाराची घंटा वाजली. खालच्या मजल्यावरचे बाळ टिपणीस आले होते. टपाल खात्यातून निवृत्त झाल्यापासून ते रोज सकाळी वर्तमानपत्र मागायला येत आणि न वाचता परत देत. त्यांचा खरा डोळा सायकलवर होता. त्यांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, बैलबाजारात मारतात तशी.

“देवस्थळी, घामाघूम झालात यार! या थंडीत?”

“व्यायाम आहे हा, टिपणीस.”

“नाही, छान छान.” बाळनी गादी दाबून पाहिली. “गर्गेही असेच घामाघूम व्हायचे. मी तेव्हाच सुमित्रावहिनींना म्हटलं होतं, नको झाली की मला सांगा. पण तुमचा नंबर आधी लागला. आता पुढचा हक्क माझा हं. बिल्कुल लाजू नका.”

“अजून मला हवी आहे ती,” सूर्यकांत म्हणाले.

“हो हो, घाई नाही,” बाळ म्हणाले, आणि खिशातून दोरी काढून त्यांनी सायकलची लांबी मोजली.

ते गेल्यावर अलकाताईंनी ओले हात पुसले, सायकलजवळ आल्या आणि त्या पट्ट्या धरून उभ्या राहिल्या. पडद्यावर ८२ आले. मग त्यांनी एक हात सोडून आपल्याच दुसऱ्या हाताच्या मनगटावर बोटे ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत मिनिटभर ओठ हलवले.

“काय करतेस?”

“ब्याऐंशी,” त्या म्हणाल्या. “यंत्र चांगलं आहे हो.”

पडद्यावर तिचा आकडा थोडा वेळ टिकला, विझला, आणि सायकलने पुन्हा पहिल्या माणसाची चौकशी केली. १७१.

“बाई माणसाला बरोबर दाखवत असेल,” सूर्यकांत शेवटी म्हणाले.

डॉक्टरांचा दवाखाना दोन सेक्टर पलीकडे होता. रिक्षा धुक्यातून दिवे लावून चालली होती. सूर्यकांतनी वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून छातीशी धरली होती. अलकाताईंच्या मांडीवरही एक गुंडाळी होती. सूर्यकांतनी विचारले, तर “असू दे” म्हणाल्या.

डॉक्टर तरुण होते, आणि बाहेर बाकावर अजून अठरा माणसे होती. त्यांनी नुकताच काढलेला कार्डिओग्रामचा कागद डोळ्यांपुढून सरकवला. “थोड़ा-बहुत चेंज है, उमर के हिसाब से।” मग वही उघडली, आणि त्यांचा चेहरा खुलला.

“अंकल जी, ये क्या बात है! ऐसा रेकॉर्ड मेरा कोई पेशंट नहीं रखता। एक सौ आठ, एक सौ दस, एक सौ बारह... परफेक्ट! साँस? दर्द?”

“कुछ नहीं,” सूर्यकांत म्हणाले. “एक दाढ़ है।”

“वो डेंटिस्ट देखेगा।” डॉक्टरांनी पेन काढले. “बिल्कुल फिट। आराम से यहीं रहिए, बेटी को मेरा नाम बोल दीजिए। साइकिल का लोड अभी तीन है ना? कल से पाँच कर दीजिए।”

हवे होते ते मिळाले होते. घर राहिले, गच्ची राहिली, कबुतरे राहिली. सूर्यकांतनी अलकाताईंकडे पाहिले, आणि त्यांना दिसले की ती हसत नाही. तिलाही बंगळूरला जायचे नव्हते. तिचे भजनी मंडळ इथे होते, दर मंगळवारी. तिने मांडीवरची गुंडाळी उलगडून डॉक्टरांच्या टेबलावर पसरली.

ती स्वयंपाकघरातली दिनदर्शिका होती. जानेवारीचे पान. हळदीचे डाग, “दूध नाही”, “गॅस आला”. आणि प्रत्येक चौकोनात पेन्सिलीने एकेक गाव.

डॉक्टरांनी वाचायचा प्रयत्न केला. “नागपूर... भोपाल... ये अंकल जी का टूर प्रोग्राम है?”

“आप ही ने बोला था, साइकिल पे बात कर सकना चाहिए,” अलकाताई आपल्या मराठी वळणाच्या हिंदीत म्हणाल्या. “ये शहरों के नाम बोलते हैं। मैं रोटी बनाते-बनाते सुनती हूँ। जहाँ आवाज बंद होती है, वो लिखती हूँ। दिसंबर में रोज रत्नागिरी तक जाते थे। वो आखिरी है, हमारा गाँव।” त्यांनी बोट ठेवले. “एक तारीख को नागपूर। फिर भोपाल। फिर ग्वालियर। संक्रांत को दिल्ली। परसों हिसार। आज अंबाला। उसके पहले बस दो नाम हैं।”

डॉक्टरांचे पेन थांबले. त्यांनी दिनदर्शिका जवळ ओढली आणि चौकोनांवरून हळूहळू खाली येत राहिले. नंतर वही जवळ ओढली. दोन्हींत तारखा त्याच होत्या.

“अंकल जी,” ते आता जराही खुललेले नव्हते. “ये नंबर मशीन पे देखे थे?”

बाहेर कंपाउंडरने पुढचे नाव पुकारले.

सूर्यकांतनी हात पुढे केला. “पेन दीजिए जरा।”

पेन मिळाले. त्यांनी चष्मा पुसला, वही स्वतःकडे वळवली आणि चार जानेवारीपासून सुरुवात केली. आकड्याच्या डावीकडे एक बाक, उजवीकडे एक बाक. पुढची ओळ. पुन्हा दोन बाक. कंस एका रेषेत येत होते. डॉक्टरांनी काहीतरी बोलायला तोंड उघडले. अलकाताईंनी मान हलवली, आणि ते गप्प बसले. विसावा कंस घालताना सूर्यकांतना मध्येच थांबावे लागले. मग त्यांनी एकविसावा, आजच्या चोवीस तारखेचा, घातला आणि खाली बारीक सही केली.

“ब्रैकेट मतलब क्या?” डॉक्टरांनी हळूच विचारले.

“मतलब, देखा नहीं। माना हुआ है,” सूर्यकांत म्हणाले. “आज का देखा हुआ एक सौ अड़सठ है।” थोडे थांबून ते म्हणाले, “और वो दाढ़ नहीं है।”

त्यानंतर सगळे फार वेगाने झाले. चाकाची खुर्ची आली. जिभेखाली गोळी गेली. मोठ्या इस्पितळाला फोन झाला, ॲम्ब्युलन्स धुक्यामुळे दहा मिनिटे उशिरा येईल असे कळले, आणि ती दहा मिनिटे बाकावरच्या अठरा माणसांनी सूर्यकांतकडे आदराने पाहण्यात घालवली. अलकाताईंनी सुनीतीला फोन लावला, “ये” एवढेच म्हणाल्या आणि ठेवून दिला.

मग त्या खुर्चीजवळ खाली वाकल्या. सूर्यकांतचे ओठ हलत होते.

“श्रीनगर,” ते पुटपुटले. “अमृतसर.”

पुढे श्वास नव्हता.

“अंबाला,” अलकाताई म्हणाल्या. त्यांनी त्यांचा हात हातात घेतला. बोटे मनगटावर होती, पण त्या मोजत नव्हत्या. “हिसार. दिल्ली. ग्वाल्हेर. मी म्हणते पुढचं, तुम्ही ऐका.”

सूर्यकांत ऐकत राहिले. नागपूर आले, अकोला गेले. दाराबाहेर पांढऱ्या धुक्यात एक लाल दिवा गोल फिरायला लागला, आणि दोन माणसे स्ट्रेचर घेऊन आत आली. तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि बायकोला खुणेने आणखी जवळ बोलावले.

“अगं,” ते अगदी हळू म्हणाले, “घरी गेलीस की सायकलवर परकर घाल परत वाळत. मोकळी दिसली तर टिपणीस घेऊन जाईल.”