मधाच्या रंगाची हाडं

आमच्या ख्रिस्ती मठाला नऊशे वर्षं झाली आणि इथल्या मत्सरालाही तितकीच. फरक एवढाच, की मठाची अधूनमधून डागडुजी करावी लागते.

इथं साधू वारला की तीन वर्षांनी त्याची कबर उघडतात. हाडं वाइननं धुतात, कवटीवर नाव लिहून ती फळीवर ठेवतात. हाडं मधासारखी पिवळी निघाली, तर माणूस देवाला आवडला. पांढरी निघाली, तर बरा होता. काळी निघाली, तर सगळे हवापाण्याचं बोलतात. मी इथला आचारी. वाइन माझ्याकडूनच जाते.

त्या सकाळी फादर दोसिथेओसांची कबर उघडायची होती. हाडं धुणार होते फादर गेरासिमोस. दोघं तरुणपणी एकाच बोटीतून मठात आलेले. पण मुख्य गायक झाले दोसिथेओस, समुद्राकडची खोली मिळाली दोसिथेओसांना, मांजरंसुद्धा बसायची ती त्यांच्याच मांडीवर. संस्थापकांच्या कवटीशेजारी एकच जागा उरली होती, पिवळ्या हाडांसाठी राखलेली. चाळीस वर्षं तिथली धूळ गेरासिमोस स्वतः पुसत होते.

"काळा निघतो बघ, स्टाव्रो," ते माझ्या कानाशी म्हणाले. "उपासात चोरून चीज खायचा."

"मीच द्यायचो, फादर."

"मग तुझाही रंग कळेलच की!"

फावडं थांबलं. कवटी वर आली. पिवळीधमक! मठाधिपतींनी क्रूसाची खूण केली. गेरासिमोसांनी कवटी उन्हात धरली, नखानं खरवडली, वाइननं तीनदा घासली. ती आणखीच उजळली.

"मातीचा रंग आहे हा," ते म्हणाले. "या खड्ड्यात गाढव पुरलं तरी संत निघेल!"

"असेल," मठाधिपती म्हणाले. "नाव लिहा. अक्षर तुमचंच चांगलं आहे."

गेरासिमोसांनी लिहिलं. खरंच सुंदर लिहिलं. त्याचाही त्यांना राग आला असावा. कवटी त्या जागेवर नेमकी बसली.

दुपारी ते वाइनचं रिकामं भांडं द्यायला स्वयंपाकघरात आले. बराच वेळ उंबऱ्यातच घुटमळले.

"स्टाव्रो, तो खड्डा... पुढं कोणाला देणार, काही कानावर आलंय?"

"फादर, तुम्ही तर ठणठणीत आहात. घाई कसली?"

"घाई मला नाही रे," ते दाराबाहेर पाहत कुजबुजले. "पण तो म्हातारा मेथोडिओस सकाळपासून मुद्दाम खोकतोय."