पायाचं माप

"माप देऊ नगंस गं पोरी. ज्येच्या पायाच्या मापानं खड्डा काढत्यात, त्यो मानूस तितंच ऱ्हातोय."

शेजारची बायाक्का असं म्हणाली तेव्हा दिपाली हसली होती. हातात टेप, समोर खाटेवर बसलेले सासरे, जोतिराम आप्पा. कमरेपासून गुडघा, गुडघ्यापासून टाच. आकडे मोबाइलमध्ये टाकत ती म्हणाली, "आक्का, बी.कॉमला हे काय शिकवलं न्हाय बघा आमाला."

गोव्यात समुद्राकाठी, जुन्या पोर्तुगीज घरांच्या गल्लीत, कुणा श्रीमंताचं घर नव्यानं उभं राहत होतं. तिथं सगळंच मापाचं. मालकाच्या उंचीचा ओटा, मालकिणीच्या दुखऱ्या गुडघ्याला सोसतील अशा पायऱ्या. आणि दिवाणखान्यात खराखुरा हातमाग. त्यासाठीच आर्किटेक्ट मंजुश्री मॅडम शोधत शोधत दिपालीच्या गावी, विणकरांच्या वडगावात आल्या होत्या. "मागाखाली पाय सोडायचा खड्डा विणकराच्या पायांच्या मापाचाच हवा," त्यांनी बजावलं होतं.

जोतिरामांचा माग दोन वर्षं माळ्यावर सुटा पडून होता. माग आणि जोतिराम एकाच टेम्पोतून गेले. "जोडून दावतो आन् येतो. पंधरा दिस," ते म्हणाले होते.

त्याला आता तीन महिने होत आले होते.

फोन केला की "बरं हाय" एवढंच. पाठीमागं कुणीतरी उभं असल्यासारखं जपून बोलणं. मंजुश्री मॅडम मधूनमधून फोटो पाठवायच्या. मागावर आप्पा, आंबा रंगाची साडी, हिरवा काठ. दिपाली ते बोटांनी मोठे करून बघायची. काठाजवळ तुटला धागा जोडल्याची एक गाठ होती, धागा ठोकून बसवणाऱ्या फणीपासून चार बोटांवर. पुढच्या फोटोतही चार बोटांवर. त्याच्या पुढच्याही.

"अहो, विणलं की कापड पुढं सरकतं की न्हाय? गाठ एव्हाना गुंडाळीत जायला पायजे."

तिच्या नवऱ्यानं, साईराजनं, पॉवरलूमवरची नजर काढली नाही. "तुला सगळीकडं काळंच दिसतंय. आरोही शिंकली तरी न्यूमोनिया म्हंतीस तू."

दुसऱ्या दिवशी लेकीला, आरोहीला, कडेवर घेऊन तिनं गोव्याची बस पकडली. चोर्ल्याच्या घाटात पोरगी दोनदा ओकली.

"कळवून यायचं ना," दारात मंजुश्री मॅडम गोड हसून म्हणाल्या. बाजूला व्हायला मात्र त्यांनी वेळ घेतला.

आप्पांच्या डोक्याला केशरी फेटा होता. वडगावात लेकाच्या लग्नातही त्यांनी टोपीच घातली होती. चारपाच पाहुणे आले, तसा त्यांनी आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडं फेकला, फणी ओढली. आवाजच नाही. दिपाली जवळ गेली. फणीच्या दांड्याला फोम गुंडाळलेला होता, आणि धोट्यात धागाच नव्हता.

पाहुणे फोटो काढून गेल्यावर तिनं विचारलं, "आप्पा, हे काय चाललंय?"

"आवाज नगं म्हनत्यात. पावनं दुपारचं झोपत्यात."

"आन् धागा?"

"इणलं तर साडी संपती, पोरी. अर्धीच बरी दिसती म्हनं." ते हसले. "सोपं काम हाय की. म्हातारपनी आनि काय पायजे?"

"कपडे भरा. घरी चला."

त्यांनी खाली बघितलं. खड्ड्यात त्यांचे पाय नेमके बसले होते, टाच जमिनीला टेकत होती. "हितं पाय सोडाय जागा हाय गं," ते सहज म्हणाले. बोलण्यात टोमणा नव्हता.

वडगावातल्या घरातला मागाचा खड्डा दिपालीनंच बुजवून घेतला होता. आरोही रांगायला लागली आणि तिची झोप उडाली. पोरगी पडली म्हणजे? वाळूची घमेली आप्पांनीच वाहिली होती. त्यावर फरशी आली, फरशीवर पाळणा.

एवढ्यात आरोही आजोबांशेजारी जाऊन बसली आणि तिनं दोन्ही पाय खड्ड्यात सोडले. दिपालीनं सवयीनं तिचा दंड धरला. मग हळूच सोडला.

आप्पांना न घेताच ती आरोहीसह परत आली. आली त्याच आठवड्यात गवंडी बोलावून तिनं फरशी उखडायला लावली. साईराज म्हणाला, "येडी झालीयास काय?" तिनं गवंड्याला आकडे वाचून दाखवले. माप मोबाइलमध्ये होतंच.

हे सांगायला तिनं फोन लावला, तर आप्पांचा मोबाइल बंद. आज नववा दिवस. मंजुश्री मॅडम म्हणतात, "आराम करताहेत." फोटो अजून येतात, पण त्यात आता नुसता मागच असतो. आरोही तापानं फणफणलीय, आणि साईराजला पॉवरलूमचा शेट ऑर्डर संपल्याशिवाय सोडत नाही.

म्हणून गोव्याकडं निघालेल्या प्रत्येकाला ती गाठते, वाहनाच्या काचेवर टकटक करून सांगते. तुम्ही जाणार असाल तर तुम्हालाही तिचं हेच सांगणं:

निळ्या खिडक्यांचं पांढरं घर आहे. दारात अडवतील, तरी आत जा. फोटो काढू नका. मागावर माणूस आहे का, तेवढं बघा. असला, तर सांगा त्यांना, वडगावातला खड्डा उकरलाय. माती अजून ओली आहे, पण माप तुमचंच आहे.