उत्तर त्यांनीच द्यायचं

“प्रश्न मी त्यांना विचारलाय, तुम्हाला नाही,” न्यायाधीश म्हणाले, आणि भाच्याचा वकील अर्ध्या वाक्यातच खाली बसला.

ऑपरेटरबाईंनी पर्सचा पट्टा डाव्या हातानं घट्ट धरला. प्रश्न साधाच होता. आज आपण इथे कशासाठी आलोय, ठाऊक आहे का? ठाऊक होतं. अर्ज त्यांनी तीनदा वाचला होता. पण वर्षापूर्वी पक्षाघाताचा झटका आला, तेव्हापासून शब्दांचं आणि जिभेचं बिनसलं होतं. शब्द मनात लख्ख उभा असायचा, ओठांशी येईतो दुसराच बाहेर पडायचा.

एकतीस वर्षं या बाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसल्या. लग्न केलं नाही, दोन खोल्यांचं घर मात्र केलं, स्वतःच्या नावावर. एक्स्चेंज बंद पडलं, तरी ‘ऑपरेटरबाई’ हे नाव चिकटलं ते चिकटलंच.

भाचा वाईट नव्हता. धाकट्या भावाचा एकुलता एक मुलगा. दोनदा आत्याचं दूध करपलं, एकदा ती रस्ता चुकली, शेजाऱ्यांनी त्याला ऑफिसात फोन केला आणि तो हातातलं काम टाकून धावला. आत्याला वृद्धाश्रमात ठेवावं, घर विकून टाकावं, आणि त्यासाठी कोर्टानं आपल्याला तिचा पालक नेमावं, असा त्याचा अर्ज. त्यात वकिलानं लिहिलं होतं, ‘त्यांना स्वतःचे बरेवाईट कळत नाही.’ ते वाचल्यावर बाईंना दोन दिवस घास गिळवला नव्हता.

“दू... दूध,” त्या म्हणाल्या. म्हणायचं होतं ‘घर’.

वकील टुणकन उठला. “साहेब, बघा, यावरूनच दिसतं की...”

“बसा. मला घाई नाही.”

न्यायाधीश वयानं तरुण होते, सर्दीनं नाक लालेलाल. त्यांनी पेन खाली ठेवलं, हाताची घडी घातली आणि ते थांबले. पहिल्या मिनिटाला मागच्या बाकांवर चुळबुळ झाली. दुसऱ्या मिनिटाला तीही थांबली.

वर्षभर बाईंची वाक्यं दुसरेच पुरी करत होते. डॉक्टर, शेजारीण, भाचा, अगदी भाजीवालासुद्धा. सगळे मायेनंच करत, पण बटाटे हवे असताना बाई कांदे घेऊन घरी येत. वाट कुणी पाहिली नव्हती. हा परका माणूस नाक पुसत बसून होता, आणि त्याची नजर घड्याळाकडे एकदाही गेली नाही.

“घर,” बाई म्हणाल्या. “घर... माझं. तो... भितो. मी... नाही भीत.”

“आणि पुन्हा भांडं करपलं तर?”

“घासीन.” हा शब्द मात्र एका दमात आला.

न्यायाधीशांना हसू आलं आणि पाठोपाठ शिंक. मग ते वकिलाकडे वळले. “सज्ञान माणसाला आपलं बरंवाईट कळतं, हे कायदा धरूनच चालतो. कळत नाही म्हणणाऱ्यानं ते सिद्ध करायचं असतं. डॉक्टरांचा अहवाल एवढंच सांगतो, की बोलणं अडतं. बोलणं अडलं म्हणून कळणं अडत नाही. आणि दूध काय, माझ्याही घरी करपतं.” मग भाच्याकडे पाहून, जरा हळू आवाजात, “मदत करायला कोर्टाचा हुकूम लागत नाही हो. त्यांना विचारा आणि करा. अर्ज फेटाळला.”

बाईंनी तोंड उघडलं, पण तेवढ्यात पुढच्या प्रकरणाचा पुकारा झाला.

बाहेर व्हरांड्यात भाचा खालमानेनं म्हणाला, “आत्या, ते वाक्य मी नव्हतं गं लिहिलं.”

“सही... तुझी.”

“हो,” तो म्हणाला. “सही माझी.”

बाईंनी त्याच्या दंडावर थोपटलं. दोघं जिना उतरू लागले. अर्ध्यावर बाई एकदम थबकल्या आणि माघारी वळल्या.

“काय राहिलं, आत्या? चष्मा? का फाईल...” तो बोलता बोलता गप्प झाला आणि बाजूला सरून त्यानं वाट दिली.

एकेक पायरी चढत बाई वर पोचल्या. दाराशी शिपाई उभा होता. “आत दुसरं प्रकरण चालू आहे, बाई. आता नाही जाता यायचं.”

बाईंनी वाद घातला नाही. बंद दारासमोर त्या ताठ उभ्या राहिल्या. श्वास घेतला.

“आभारी आहे,” त्या म्हणाल्या. स्पष्ट, न तुटता.

शिपायानं मान वर करून पाहिलं. “साहेबांना सांगू का?”

“नको,” बाई म्हणाल्या. “झालं.”

आणि कठड्याला धरून त्या सावकाश उतरू लागल्या. भाचा एक पायरी मागे होता. त्याचा हात त्यांच्या कोपराजवळ होता, पण लागलेला नव्हता.